चिखलबोडीची मुकी शाळा

कवडूगुरुजींना गाता येत नव्हतं, भाषण करता येत नव्हतं, आणि पाटलांच्या ओसरीवर चहा पिताना नेमकं कुठे हसायचं हेही त्यांना कळत नसे. खेड्यातल्या मास्तराचं ज्या गुणांवर निभतं ते सगळे गुण त्यांच्यापासून लांब राहिले होते. तरी मला आयुष्यात जे मास्तर भेटले, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो, त्यांत मास्तर म्हणावा असा हा एकच.

आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो त्या सुमाराची ही गोष्ट. चांदा जिल्हा होता तिथेच राहिला, राज्य तेवढं बदललं. नवी पुस्तकं येणार, नवी पुस्तकं येणार असं ऐकत आम्ही जुनीच दाभणाने शिवून वापरत होतो. सावलीच्या पुढे वैनगंगेच्या अंगाला चिखलबोडी नावाचं धानाचं गाव. तिथल्या दोन मास्तरांच्या शाळेत मला दुसरा मास्तर म्हणून नेमलं. पहिले मास्तर म्हणजे कवडूजी लोनबले. अंगाने काटक, डोक्यावर कायम एकाच बाजूला कलंडलेली टोपी, आणि सदऱ्याच्या दोन्ही खिशांत चिंचोके. आधीची दोन मुलं गेल्यावर झालेलं तिसरं पोर कवडीमोलाने शेजारणीला विकायचं आणि परत घ्यायचं, मग ते जगतं, अशी आमच्याकडची रीत. म्हणून ते कवडू. "मी विकत घेतलेला माणूस आहो जी," असं ते स्वतःच सांगत, आणि ऐकणारा हसायच्या आत दुसऱ्याच विषयावर जात.

मी गावात शिरलो तेव्हा शाळेला सुटी असावी असं वाटलं. कुठे हूं नाही की चूं नाही. माझी स्वतःची शाळा म्हणजे दोन वावरं ओलांडून ऐकू यायची. मास्तर ओरडायचे, आम्ही ओरडायचो, आणि संध्याकाळी घसा बसला की शिक्षण झालं असं समजायचं. इथे पडवीत तिसरीची पोरं ओळीने मांडी घालून बसलेली, मान खाली, दोघांत मिळून एक पुस्तक. गुरुजी उंबरठ्यावर बसले होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि जागा करून दिली. बराच वेळ आम्ही दोघे मास्तर तसेच मुकाट बसलो. मग माझं लक्ष पुस्तकांकडे गेलं. पानापानावर चिंचोके ठेवलेले होते.

ती त्यांची पद्धत. वाचताना जिथे कळेनासं होईल त्या ओळीवर चिंचोका ठेवायचा आणि पुढे जायचं. पुढे जाऊन मागचं उलगडलं तर परत येऊन उचलायचा. सगळं वाचून झालं की ज्याचे चिंचोके उरले असतील त्याचीच ओळ घेऊन सगळा वर्ग तिच्यामागे लागायचा. आणि ज्याच्या पानावर एकही चिंचोका नसेल त्याच्याकडे गुरुजी चोराकडे बघावं तसं बघत. "तुले सगळंच समजलं? मले तर नाई समजलं बापा. सांग मले." पोरगं रडकुंडीला येई आणि मुकाट्याने खिशातून एक चिंचोका काढून कुठेतरी ठेवी.

त्यांची दोन वाक्यं होती. एक, "तो काय म्हणून राह्यला?" 'वाच' असं ते कधी म्हणत नसत. पुस्तकात कोणीतरी माणूस बसला आहे आणि तो आपल्याला काहीतरी सांगतो आहे, असंच त्यांचं धोरण. दुसरं वाक्य जास्त त्रासदायक: "हे त्यानं सांगतलं, का तू सांगून राह्यला?" पोरगं काही उत्तर देई, आणि हे वाक्य आलं की त्याला पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवावं लागे. बोट ठेवता आलं तर ठीक. नाही आलं तरी ठीक, फक्त "हे माह्यं आहे जी" असं कबूल करायचं. वर्गात हे छान होतं. पण गुरुजी तेच वाक्य गावातही वापरत. पाराजवळ कोणी रंगात येऊन कोणाच्या घरची गोष्ट सांगायला लागला, की हे शांतपणे विचारणार, "हे त्यानं सांगतलं, का तुमी सांगून राह्यले?" त्यामुळे ते पारावर आले की गप्पा आटोपत्या घेतल्या जात. त्यांच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

पुस्तकं कमी, म्हणून त्यांनी दुकानातल्या पुड्यांचे कागद जमवायला लावले होते. पोरं गूळ-मीठ आणायला गेली की पुडीवर डोळा. एकदा एक फाटका तुकडा आला. त्यावर एवढंच: "...झाडावर चढला व सकाळपर्यंत खाली उतरला नाही. गावकऱ्यांनी शेवटी..." आणि पुढे कागद फाटलेला. कोण चढला? एकाच्या मते अस्वल. एकाच्या मते वाघ पाहून घाबरलेला माणूस. एक पोरगं म्हणालं, दारू प्यायलेला जावई. गुरुजींनी सगळ्यांना 'शेवटी' या शब्दाशी आणून उभं केलं. शेवटी म्हणजे आधी काहीबाही करून पाहिलं असणार. काय करून पाहिलं? अस्वल असेल तर काय केलं असतं, जावई असेल तर काय? आठवडाभर हेच. पोरांनी घरी जाऊन विचारलं, आणि मग अर्धं गाव त्या झाडाखाली उभं. मी चांद्याला घरी गेलो तेव्हा तो मूळचा अंक कुठे मिळतो का ते शोधायला लागलो, इतका माझा जीव टांगणीला लागला होता. परत आल्यावर सांगितलं, मिळाला नाही. गुरुजी म्हणाले, "बरं झालं. मिळाला असता तं माह्या पोट्ट्यायले सांगू नोका, येवढं म्हणनार होतो."

ते मारत नसत. त्यांना राग फक्त एका गोष्टीचा येई. न कळता "हो जी, समजलं" म्हटलं की ते उठून भिंतीकडे तोंड करून बसत. आख्खा वर्ग त्यांच्या पाठीकडे बघत राही. मी म्हणे, गुरुजी, एक छडी ठेवा, लवकर आटपेल. ते म्हणत, छडीनं पोरगं "हो जी" अजून जोरात म्हणतं.

आता त्यांच्या मनात काय होतं ते सांगतो. चिखलबोडीच्या आधी त्यांना तीन गावांतून हलवलं होतं. प्रत्येक ठिकाणी कारण तेच, शिकवण्याचा आवाज येत नाही. प्रत्येक वेळी पोरं नुकती कुठे वाचायला लागलेली असत आणि गुरुजींची वळकटी बैलगाडीत चढे. "एक तुकडी," ते मला म्हणाले होते, "पयलीपासून चौथीपरेंत एक तुकडी माह्या हातून जाऊ दे. मंग सरकारनं मले कुठीबी टाकावं." चिखलबोडीची ही तिसरीची तुकडी त्यांच्याकडे पहिलीपासून होती. आता दीड वर्षाचा प्रश्न होता. एवढ्याशा आयुष्यात माणूस काय काय मागतो, आणि हा दीड वर्ष मागत होता.

त्या तुकडीत शेवंता नावाची एक मुलगी होती. घर ढिवरांचं. बाप तळ्यात मासे धरायचा, आई बायजाबाई गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालकांच्या, वावरात मजुरीला जायची. शेवंता बोलायला हळू, वाचायला त्याहून हळू. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. माझ्या शाळेत ती ढ ठरली असती. गुरुजी तिच्या शेजारून जाताना पाय न वाजवता जात.

माघात तपासणीस साहेब आले. वऱ्हाडातले, कापसाच्या मुलखातले. पाटील, मालकांचे दिवाणजी आणि गावातले चार लोक त्यांच्यामागे येऊन बसले. साहेबांनी 'दोन भाऊ' हा धडा काढला. रामा नावाचा मोठा भाऊ दिवसभर शेतात राबतो, गोविंदा नावाचा धाकटा झाडाखाली झोपतो, पुढे पीक भरघोस येतं, आणि आळस वाईट हे आपल्याला समजतं. चार पोरांनी थोडं थोडं मोठ्याने वाचलं. अडखळतच वाचलं, मोठ्याने वाचायची सवयच नव्हती. साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांनी नेमकं शेवंताला उभं केलं.

"सांग मुली, गोविंदा कसा मुलगा होता?"

शेवंता बोलायच्या आतच साहेबांनी मदत केली, "आळशी होता ना?"

"नाई जी."

"नाही? मग दिवसभर झोपत होता तो कोण?"

"तो रातची जागली करत असन जी."

आमच्याकडे धान फुटायला लागलं की रात्रभर माळ्यावर बसून डबडी वाजवावी लागतात, नाही तर रानडुकरं एका रात्रीत वावर उपसून टाकतात. त्याला जागली म्हणतात. ती करणारा दिवसा झोपणार नाही तर काय करणार? मागे बसलेल्या लोकांत खसखस पिकली.

साहेब म्हणाले, "हे पुस्तकात कुठे लिहिलं आहे?"

मला वाटलं संपलं. पण हा प्रश्न त्या पोरीच्या रोजच्या ओळखीचा होता. तिने खाली बसून पुस्तक उघडलं, सावकाश ओळ शोधली आणि बोट ठेवून उभी राहिली. "'रानाच्या कडेला त्यांचे शेत होते.' इथी." मग पान उलटून, "'पीक भरघोस आले.' इथी. रानाच्या कडेला वावर, आन् डुकरानं काऊन नाई खाल्लं? मोठा भाऊ तं रातचा झोपे. जागली कोन केली?" जरा थांबून तिने प्रामाणिकपणे पुढे जोडलं, "जागलीचं पुस्तकात नाई जी. ते माह्यं आहे."

साहेब रागावले. लेखकापेक्षा शहाणी झालेली मुलगी त्यांना वाह्यात वाटली, आणि धड्याचा बोध उलटा निघाला याचा तर त्यांना धक्काच बसला. निघताना ते गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाले, "वाचन कच्चं, पाठांतर नाही, आणि मुलं वाद घालतात. गावची एक तक्रार माझ्यापर्यंत आली, की तुमची बदली सिरोंच्याकडे. दिवाळीनंतर मी परत येईन."

गुरुजींनी ऐकलं की नाही कोण जाणे. साहेबांची गाडी वळणाआड गेली तरी ते हसत होते. मी खडसावून सांगितलं, "अहो, सिरोंच्याकडे घालतील! तिकडे घरोघर तेलुगू बोलतात." तेव्हा म्हणाले, "मंग तिथी मलेच चिंचोके ठेवा लागन." मला असा संताप आला! ज्याचं त्याला नाही आणि मी मात्र घाबरतोय.

जून लागला, तुकडी चौथीत गेली, आणि या माणसाने साहेबांचं बोलणं मनावर घेऊन आवाज वाढवावा की नाही? त्याने उलट उरलासुरला आवाजही बंद केला. तोपर्यंत दुपारच्या सुटीआधी सगळी शाळा मिळून पाढे म्हणायची, तेवढा एक गलका शिल्लक होता. गुरुजींचं म्हणणं, पाढ्यांनी डोळे जड होतात. ते सकाळी पाटीवर लिहून घेतले की झालं. शिवाय त्यांनी नवा खेळ काढला. पाटीवर एक हुकूम लिहायचा, पोराने तो मनात वाचायचा आणि न बोलता करून दाखवायचा. "तळ्याच्या पाळीवर जा, मोहाला हात लाव, आणि डाव्या हाताला जे पहिलं घर दिसेल तिथून पाणी पिऊन ये." पोरं तोंडातून ब्र न काढता गावातून चालत, झाडाला हात लावत, कोणाच्याही दारात उभं राहून ओंजळ पुढे करत. म्हाताऱ्या धसकल्या. "मास्तर पोट्ट्यायले मुके करून राह्यला," असं गावात उठलं. कोणी पोरांच्या गळ्यात काळा दोरा बांधला. मला हसू यायचं, पण हसता येत नव्हतं, कारण रोवणे, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाले तशी कुरकुर एकदम वाढली. ज्या बाया गुरुजींना भाजी आणून द्यायच्या त्या बघून न बघितल्यासारखं करायला लागल्या. पुरुष म्हणायचे, शाळा मुकी झाली, सायबाला सांगा.

अख्ख्या गावात गुरुजींच्या बाजूने एकच माणूस होता, मालकांचे दिवाणजी. काळी छत्री, पांढरं धोतर, खिशात साखळीचं घड्याळ. रोवण्यावर बाया लावायच्या आणि त्यांच्यावर उभं राहायचं हे त्यांचं काम. ते मुद्दाम शाळेत आले आणि म्हणाले, "गुरुजी, कोनाचं ऐकू नोका. इद्या शांततेतच येते. शाळा अशीच पाह्यजे, गुपचूप." गुरुजी इतके सुखावले की त्यांनी दिवाणजींना पुडीचे कागद दाखवले. मीही खूश. म्हटलं, चला, एक तरी जाणता माणूस निघाला.

बाजाराच्या दिवशी वावरातलं काम बंद असतं. त्या दिवशी सकाळी पाटलांनी चावडीवर बैठक बोलावली. साहेबांकडे तक्रार जायची का नाही, हे ठरायचं होतं. पुरुष पुढे बसले. सावलीच्या बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या घेऊन मागे, भिंतीपाशी उभ्या राहिल्या. पाटील म्हणाले, "गुरुजी, तुमचा सोभाव चांगला आहे, पन शाळेचा आवाज येत नाई."

गुरुजींना बोलता येत नव्हतं हे मी सुरुवातीलाच सांगितलं. त्यांनी मनातलं वाचन, मोठ्याने वाचन, अर्थ, असं काहीतरी सुरू केलं आणि ते स्वतःच त्यात गुरफटले. लोक जांभया द्यायला लागले. पाटलांनी दुसऱ्यांदा म्हटलं, "ते सगळं बरोबर. पन आवाज येत नाई." तिसऱ्यांदा कोणीतरी मागून म्हणालं, "आवाज पाह्यजे." तुकडी चौथीत, आणि हे चालले सिरोंच्याला, हे मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं.

गुरुजी एकदम थांबले. खिशात हात घालून एक चिंचोका काढला आणि चावडीच्या ओट्यावर, सगळ्यांच्या समोर ठेवला.

"माह्यं इथी अडलं," ते म्हणाले. "तुमी आवाज आवाज म्हणून राह्यले, मी ऐकून राह्यलो. पन तुमाले आवाज काऊन पाह्यजे, ते मले समजलं नाई."

पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर त्यांनाही ते माहीत नव्हतं. त्यांच्या घरातून रोज संध्याकाळी जे ऐकू येत होतं तेच ते चावडीवर आणून म्हणत होते. मग भिंतीपासून बायजाबाई, शेवंताची आई, बोलली. पाटलांसमोर बायांनी बोलायची चाल नव्हती, म्हणून तिने तोंड गुरुजींकडे केलं आणि डोळे टोपलीकडे.

"गुरुजी, आमी रोवण्यात वाकून रायतो. आभाळ भरलेलं, सूर्य दिसत नाई. दुपार झाली का नाई कसं समजन? शाळेचे पाढे ऐकू आले का आमी भाकरीले उठत होतो. ते कायदाच होता, दिवाणजी बी काई म्हनत नोहते. आता पाढे नाई. घड्याळ येकच, ते त्यायच्या खिशात. आमी म्हनतो भूक लागली, ते म्हनते अजून टाइम नाई झाला. लेकरं अंगावर पाजणाऱ्या बाया आहेत जी आमच्यात."

चावडीवरच्या माना हळूहळू दिवाणजींकडे वळल्या. दिवाणजी छत्रीची काडी तपासत होते.

गुरुजींनी टोपी काढली. तिच्याखाली एवढं टक्कल असेल याची मला कल्पना नव्हती. ते म्हणाले, "दिवाणजी, तुमाले शांतता काऊन आवडते ते आता ध्यानात आलं." आणि मग जो हशा झाला त्यात पाटीलसुद्धा सामील होते. गुरुजी मात्र हसले नाहीत. चावडीवरून शाळेकडे चालताना ते स्वतःवरच चडफडत होते. "पोट्ट्यायले रोज विचारतो, गोष्टीतल्या मानसाले काय पाह्यजे म्हणून. आन् गाव दोन मयने माह्या तोंडावर बोलून राह्यलं. मले वाटलं आडाणी आहेत." मी समजूत घालायला गेलो तर माझ्यावरच ओरडले, "चूप राहा जी, मले वाईट वाटून घेऊ द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेच्या गजराच्या घड्याळात बारा वाजले आणि गुरुजींनी सगळी शाळा तळ्याच्या पाळीवर नेऊन उभी केली. तिथून खालचं सगळं वावर दिसतं. बे एके बे सुरू झालं. दोन महिने तोंड दाबून ठेवलेली पोरं, त्यांनी असा काही आवाज लावला की पाण्यातले बगळे उडाले. मीही माझा खणखणीत गळा मोकळा सोडला, खोटं कशाला बोलू. गुरुजी त्या गोंधळात आपल्या फाटक्या आवाजात पाढा चुकवत होते. खाली चिखलात बाया एकामागून एक कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. दिवाणजी घड्याळ वर धरून काहीतरी म्हणाले. बायजाबाईचा आवाज पाळीपर्यंत आला: "तुमचं घड्याळ तुमी पाहा. आमाले शाळा ऐकू आली!"

झालं. दुपारी एकदा कान किटेपर्यंत पाढे, आणि बाकी दिवसभर शाळा गुरुजींची. गाव शांत झालं. मुक्या हुकमांचा खेळही लोकांना आवडायला लागला. दारात उभ्या पोराला पाण्याबरोबर गूळ मिळायला लागला, आणि मग पाटीवरचे हुकूम जरा जास्तच गुळाच्या घरांकडे वळायला लागले.

दिवाळीनंतर कापणीच्या गडबडीत साहेब परत आले. त्यांनी पाटलांना विचारलं, गावची तक्रार आहे का? पाटील बोलायच्या आत बायजाबाई, जी त्या वेळी विळा घेऊन रस्त्याने चालली होती, तिथेच थांबून म्हणाली, "हे गुरुजी न्याल तं आमची सुटी बी घेऊन जा सायेब." साहेबांना काही उलगडा झाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. वर्गात त्यांनी नवा धडा काढला, पोरांनी तो मनात वाचला, आणि साहेबांनी विचारलेल्या प्रश्नांना ओळींवर बोटं ठेवून उत्तरं दिली. त्यांनी 'दोन भाऊ' पुन्हा विचारला नाही. पण जाताना गाडीत बसल्यावर पाटलांना म्हणाले, "तुमच्याकडे ही जागली करतात ती रात्रभर करतात का हो?" पाटलांनी सांगितलं, रात्रभर. साहेब "हं" म्हणाले आणि गाडी हाकायला सांगितली. सिरोंच्याचं नाव निघालं नाही.

चैत्रात तुकडी चौथी पास झाली. सगळी नाही, दोघं गळाली, आणि त्या दोघांसाठी गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. शेवंता पास झाली. पुढची शाळा सावलीला. बायजाबाई आधी नाही म्हणाली, मग हो म्हणाली, मग म्हणाली रोवणे आटोपल्यावर. गुरुजींनी बायजाबाईची बहीण सावलीला राहते हे शोधून काढलं आणि तिच्याकडे जाऊन शेवंताच्या राहण्याचं नक्की करून आले. घाई त्यांना असली की ते कुठेही न थांबता चालत, वाटेत पाणीसुद्धा पीत नसत.

त्याच पावसाळ्यात माझी अहेरीला बदली झाली. निरोप शाळेतच झाला होता. गुरुजींना असल्या वेळी काय बोलायचं सुचत नसे, त्यांनी माझ्या हातात दोन मुठी लाह्या दिल्या आणि वर्गात निघून गेले. माझी गाडी दुपारी तळ्याच्या पाळीवरून निघाली. पाढे नुकतेच संपले होते. लहान पोरं पांगली होती. खाली बांधावर बाया शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या. मधोमध शेवंता, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, पण हात कोपरापर्यंत धुतलेले, आणि त्या हातांत पुस्तक. ती मोठ्याने वाचत होती. हळू, थांबत थांबत, पण आता त्या थांबण्याला अर्थ होता, पुढे काय येणार म्हणून बाया घास हातात धरून बसत होत्या. रानात हरवलेल्या वासरामागे गेलेल्या एका पोरीची गोष्ट होती. एक बाई म्हणाली, "ते माघारी काऊन नाई फिरली?" दुसरी म्हणाली, "थांब ना, येन पुढं."

दिवाणजी छत्री घेऊन बांधावर आले. सुटी संपली होती. ते बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात बायजाबाईने मागे न बघता चिखलाचा हात वर केला. दिवाणजी थांबले. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. शेवंताने पान उलटायला वेळ घेतला तशी त्यांनी मान पुढे काढली आणि म्हणाले, "मंग?"

गुरुजी पाळीवर मोहाखाली उभे होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिलं, मला ओळखलं आणि हात वर केला. तेवढ्यात खाली शेवंताने पुढची ओळ उचलली. गुरुजींचं तोंड तिकडे फिरलं, आणि हात तसाच अर्धा वर राहिला. मी गाडीवानाला हळू घ्यायला सांगितलं. वळण येईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नाही, हातही खाली घेतला नाही. कोणी मला इतकं साफ विसरलं आणि मला त्याचा आनंद झाला, असं आयुष्यात त्या एकदाच घडलं.